घरच्या कुत्र्यांतील वरचढपणा आणि राखण: वस्तीवर एकापेक्षा जास्त कुत्रे पाळताना

तुमच्या वस्तीवर दोन-तीन कुत्रे असतील तर एक गोष्ट रोज दिसत असेल. भाकरीचे टोपले बाहेर आले की एक जण पुढे होतो, बाकीचे दोन पावले मागे थांबतात. ओसरीवरची उबदार जागा, टाकीजवळची सावली, मालकाच्या पायाजवळची बैठक, सगळे त्याचेच. हाच म्होरक्या आणि राखणीचा खरा कुत्राही हाच, असे आपण धरून चालतो. शेपूट खाली घालून वावरणारा दुसरा मग ‘बुजरा निघाला’ म्हणून कोणाला तरी देऊन टाकला जातो, नाहीतर लांब नेऊन सोडला जातो.

हा निर्णय घेण्याआधी थोडे थांबावे. कुत्र्यांमधील मानाचा क्रम खरा असतो आणि राखणीवर त्याचा परिणामही होतो, पण आपण समजतो तसा होत नाही. खाण्यावर वरचढ असणे हा एक गुण, आणि रात्री दोन वाजता गोठ्यामागे सळसळ झाली की उठून जाणे हा वेगळा गुण. दोन्ही एकाच कुत्र्यात असतीलच असे नाही. लांडगा आणि बिबट्याचा वावर असलेल्या भागात हा फरक ओळखता आला नाही तर करडे-कोकरे जातात, आणि कधी चांगला कुत्राही जातो.

‘म्होरक्या’ची कल्पना कुठून आली

लांडग्यांच्या कळपात एक दांडगा नर सर्वांना दाबून ठेवतो, कुत्रा लांडग्याच्याच वंशातला, म्हणून मालकानेही कुत्र्याला दाबूनच ठेवले पाहिजे, असे तुम्ही ऐकले असेल. कुत्र्यांना शिकवण्याच्या व्हिडिओंमध्ये हे अजून सांगितले जाते. याचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या अभ्यासात आहे. त्यांनी पाहिलेले लांडगे स्वित्झर्लंडमधील बाझलच्या प्राणिसंग्रहालयातले होते, म्हणजे बंदिस्त जागेतले, भांडण झाले तरी निघून जायला वाट नसलेले. चार ठिकाणच्या म्हशी आणून एका लहान गोठ्यात कोंडल्या तर पहिले आठ दिवस शिंगाला शिंग लागणारच. त्यावरून म्हशीच्या जातीचा स्वभाव ठरवायचा का?

अमेरिकेतील लांडगा-अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात ही कल्पना उचलली आणि ती जगभर पसरली. पुढे त्यांनी कॅनडाच्या एल्समेअर बेटावर रानातला कळप अनेक उन्हाळे जवळून पाहिला आणि १९९९ मध्ये लिहिले की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असते: आई, बाप आणि त्यांची एक-दोन वर्षांची पिल्ले. तिथला मान मारामारी करून मिळवलेला नसतो, आई-बापाला असतो तसा असतो.

म्हणून कुत्र्यांमध्ये क्रमच नसतो असे समजू नका. रोमजवळच्या मोकाट कुत्र्यांच्या टोळ्यांवर इटालियन संशोधकांनी केलेले अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत प्रौढ कुत्रे तरुणांवर आणि एकाच वयोगटात नर माद्यांवर वरचढ दिसले. त्यातली आपल्या कामाची गोष्ट पुढची आहे. टोळी निघाली की बाकीचे ज्याच्या मागे चालत, तो बहुधा वयस्क असे, आणि लहान कुत्रे स्वतःहून त्याच्याजवळ जाऊन, शेपूट हलवत, तोंड चाटून मान देत. नुसता दरारा असणे आणि पुढारपण मिळणे यांत फरक दिसला. आपल्या वस्तीवरही हे बघता येते. बाकीचे कुत्रे ज्याला पाहून बाजूला सरकतात आणि ज्याच्या मागे बांधापर्यंत जातात, ते दोघे एकच आहेत का, एवढे पाहा.

राखण हे एकच काम नाही

पिकाच्या बाबतीत आपण ‘उत्पादन कमी आले’ एवढ्यावर थांबत नाही. उगवण, फुटवे, दाणे भरणे असे टप्पे वेगळे पाहतो. राखणीचेही तसेच पाहावे. चाहूल लागणे, भुंकून कळवणे, आवाजाच्या दिशेने जाणे, समोर ठाम उभे राहणे आणि जनावरांपासून न हलणे, ही पाच वेगळी कामे आहेत. मानाच्या क्रमाचा परिणाम प्रत्येकावर निराळा होतो.

चाहूल आणि पहिले भुंकणे यांत दबलेला कुत्रा बहुधा पुढे असतो. कारण साधे आहे. ओसरीवरची, चुलीजवळची जागा वरचढ कुत्र्याने घेतलेली असते. दुसऱ्याला अंगणाच्या कडेला, कडब्याच्या गंजीजवळ, गोठ्याच्या तोंडाशी झोपावे लागते, आणि बाहेरून येणारा प्राणी आधी त्याच्याजवळून जातो. शिवाय दबून राहणारा कुत्रा सावध झोपतो. वस्त्यांवर फिरताना मी हे कितीतरी वेळा पाहिले आहे: गाडी वळणावर असतानाच भुंकतो तो कडेचा, आणि आपण दारात पोचल्यावर छाती काढून समोर येतो तो ओसरीवरचा. मालक कौतुक करतात ते दुसऱ्याचे.

आवाजाच्या दिशेने जाणे आणि ठाम उभे राहणे ही कामे वय आणि आत्मविश्वासावर अवलंबून असतात. दोन वर्षांच्या पुढचा, निरोगी, या वस्तीवरच वाढलेला कुत्रा इथे सरस ठरतो. असा कुत्रा बहुतेक वेळा क्रमातही वरचा असतो, म्हणून आपला समज तयार होतो. पण त्याच्या पाठीशी दुसरा असेल तरच तो पुढे जातो, हेही तितकेच खरे. रोमच्याच टोळ्यांत दिसले की समोरचे जास्त आणि आपले कमी असतील तर कुत्रे माघार घेतात, आणि टोळीच्या भांडणात काही जण मागेच राहतात. साथीला कुत्रे वाढले की एकेकाचा पुढे जाण्याचा उत्साह कमी होतो. म्हणून चार-पाच कुत्रे पाळले की राखण चौपट होते, हा हिशेब चुकतो. लहान वस्तीला दोन पुरेत. भाकरीही वाचते.

पाचवे काम, जनावरांपासून न हलणे, याचा मानाशी जवळजवळ संबंध नाही. तो संबंध पिल्लू कुठे वाढले याच्याशी आहे. त्याविषयी पुढे.

वरचढ कुत्रा राखणीत अडथळा ठरतो तेव्हा

हा भाग विस्तार कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घ्यावा, कारण तक्रार ‘कुत्रा राखण करत नाही’ अशी येते आणि कारण दुसऱ्याच कुत्र्यात असते.

पहिला प्रकार असा: वरचढ कुत्रा आपल्या वस्तूची राखण करतो आणि आपण तिला घराची राखण समजतो. ताटलीजवळ कोणी आले की गुरगुरणे, खाटेखालून कोणाला जाऊ न देणे, मालकाजवळ दुसरा कुत्रा आला की अंगावर जाणे, ही सगळी स्वतःच्या खाण्याची, जागेची, माणसाची मक्तेदारी आहे. असा कुत्रा दिवसा फार कडक वाटतो. रात्री मात्र तो दारातून हलत नाही, कारण त्याला जपायचे ते सगळे दारातच असते. गोठा त्याच्या हिशेबात नसतो.

दुसरा प्रकार जास्त नुकसानीचा आहे. वरचढ कुत्रा दुसऱ्याला गोठ्याकडे किंवा शेळ्यांच्या वाड्याकडे जाऊच देत नाही. तिथे सांडलेला खुराक, वार, दुधाचा वास असतो, म्हणून ती जागा त्याने आपली केलेली असते. दुसरा जवळ आला की तो हुसकावतो. मग शेळ्यांजवळ झोपणारा चांगला कुत्रा आठ-पंधरा दिवसांत लांब राहायला शिकतो.

तिसरा प्रकार तरुण कुत्र्याचा. थोरला असेपर्यंत तो भुंकण्याआधी थोरल्याकडे बघतो. थोरला उठला तर उठतो, नाहीतर पुन्हा मान टाकतो. त्याला आपण बुजरा ठरवतो.

हे ओळखायला साधी चाचणी आहे. वरचढ कुत्र्याला सलग तीन रात्री बंद खोलीत ठेवा. दुसऱ्याला नेहमीप्रमाणे मोकळे राहू द्या. कोण आधी भुंकले, किती वेळ, कोणत्या दिशेला, तो गोठ्याकडे गेला की घराकडे आला, हे वहीत लिहा. पहिल्या रात्री तो गोंधळलेला असतो, त्यामुळे एका रात्रीवरून निष्कर्ष काढू नका. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री बरेच ‘बुजरे’ कुत्रे गोठ्याभोवती फेरी मारू लागतात. तसे झाले तर कुत्रा बदलण्याची गरज नाही, झोपण्याची व्यवस्था बदला: वरचढाला घरासमोर, दुसऱ्याला गोठ्याजवळ, आणि मध्ये फाटक. बिबट्याच्या भागात ही चाचणी मोकळ्यावर करू नये. दुसऱ्या कुत्र्याला गोठ्यातच बंद ठेवून फक्त भुंकण्याची नोंद घ्यावी.

माणसाने म्होरक्या होण्याची गरज आहे का

कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरा, मानेला धरून हलवा, म्हणजे त्याला त्याची पायरी कळेल, असा सल्ला मिळतो. तो पाळू नका. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वर्तनाच्या तक्रारींसाठी आणलेल्या कुत्र्यांच्या मालकांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांनी मारणे किंवा लाथ घालणे हा उपाय केला, त्यांच्यापैकी ४३ टक्क्यांनी, आणि उताणे पाडून दाबणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांनी, कुत्रा उलट अंगावर आल्याचे सांगितले. आपल्याकडे हा प्रयोग बहुधा मालक करतो, आणि राग निघतो तो घरातल्या लहान मुलावर.

ताटलीजवळ मूल गेले आणि कुत्रा गुरगुरला, तर तो मुलाला आपल्याहून खालचे समजतो असा अर्थ लावू नका. तो खाणे वाचवत आहे. गुरगुरणे ही सूचना आहे. त्यासाठी मार मिळाला की कुत्रा सूचना देणे सोडतो आणि पुढच्या वेळी सरळ चावतो. खाणे मुलांच्या वाटेपासून दूर, कुंपणापलीकडे द्या, आणि खाताना कोणी जवळ जाऊ नका. गुरगुरणे एकदम वाढले, कुत्रा खाणे-पाणी सोडू लागला, आवाज बदलला किंवा लाळ गळू लागली, तर तो मानाचा प्रश्न राहत नाही. त्याला हात न लावता वेगळा कोंडा आणि लगेच पशुवैद्यकाला कळवा.

कुत्रा चावला, अगदी घरचा असला आणि लहानसा ओरखडा असला, तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. हळद, चुना, मिरची लावू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. घरच्या प्रत्येक कुत्र्याला तीन महिन्यांच्या वयापासून रेबीजची लस आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी मात्रा द्यावी. टोळीतल्या एकालाच लस देऊन काही साधत नाही.

जनावरांशी बांधलेला कुत्रा पिल्लूपणीच घडतो

स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी १९६५ च्या ग्रंथात दाखवले की पिल्लाचे तिसरा ते बारावा आठवडा हे वय सोयरीक जुळण्याचे असते. या काळात ज्यांच्यात ते राहते त्यांना ते आपले मानते. माणसांत राहिले तर माणसे, शेळ्या-मेंढ्यांत राहिले तर त्याही. १९७० च्या दशकात रेमंड आणि लोर्ना कॉपिंगर यांनी मॅसॅच्युसेट्समधील हॅम्पशायर कॉलेजमध्ये मेंढ्यांच्या राखणीच्या कुत्र्यांवर काम सुरू केले. चांगल्या कुत्र्याची त्यांनी तीन लक्षणे सांगितली: कळपाकडे लक्ष, कळपाला इजा न करण्याचा भरवसा, आणि संरक्षण. यात दांडगाई कुठेच नाही. त्यांच्या निरीक्षणात बऱ्याचदा कुत्रा शिकारी प्राण्याशी झुंजत नाही. तो भुंकत मध्ये येतो, शेपूट उंच धरतो, पुढे-मागे करतो. शिकारीचा डाव मोडायला तेवढे पुरते.

आपल्याकडे धनगर हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. मेंढ्यांच्या वाड्याशेजारीच मादी विते आणि पिल्ले कोकरांत लोळत मोठी होतात. तुम्ही शेळ्यांसाठी पिल्लू निवडणार असाल तर अशा ठिकाणचे आणा. आठ आठवड्यांआधी आईपासून तोडू नका, आणि आणल्यावर जाळीआड शेळ्यांच्या वासात, दिसेल असे ठेवा. पिल्लांच्या घोळक्यातून सर्वांत दांडगे, भावंडांना ढकलून दूध पिणारे उचलण्याची आपली रीत आहे. या कामासाठी मधले पिल्लू बघा. आवाजाने दचकते पण पुन्हा येऊन हुंगते, आणि कोकरू जवळ आले तर मान वळवते किंवा बसते, ते चालेल. कोकरामागे धावणारे, कान धरणारे घेऊ नका, मग ते कितीही रुबाबदार असो. कारवानी आणि मुधोळ हे मुळात धावून शिकार करणारे कुत्रे आहेत. घराच्या राखणीला ते चांगले, पण लहान करडांत सोडताना पहिले वर्ष नजर ठेवावी लागते.

दीड-दोन वर्षांपर्यंत पिल्लाकडून पूर्ण राखणीची अपेक्षा करू नका. याच काळात थोरला कुत्रा त्याला जागा दाखवतो. थोरला शेळ्यांशी शांत असेल तर हे शिक्षण फुकट मिळते. थोरला कोंबड्या मारणारा असेल तर तेही मिळते.

बिबट्याच्या भागात वेगळा विचार

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांची संख्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असूनही त्यांचा वाटा याहून बराच कमी होता. म्हणजे उसाच्या पट्ट्यात बिबट्या आपल्या राखणदारासाठीच वस्तीवर येऊ शकतो.

इथे मानाच्या क्रमाची किंमत सरळ दिसते. कडेला झोपणारा दबलेला कुत्रा चाहूल आधी घेतो आणि बळीही आधी तोच पडतो. साखळीने बाहेर बांधलेला असेल तर त्याला पळायचीही सोय नाही. अशा भागात रात्री सर्व कुत्रे बंद गोठ्यात किंवा जाळीच्या खोलीत ठेवावेत. भुंकण्याचे काम ते आतूनही करतात. भांडणे होत असतील तर दोन कप्पे करावेत. कुत्रा बाहेर ठेवून शेळ्या वाचवू, असा भरवसा धरू नये. शेळ्या वाचतात त्या वरून आणि चारही बाजूंनी बंद वाड्याने.

रोजची व्यवस्था

खाणे प्रत्येकाला वेगळ्या ताटलीत, आठ-दहा फूट अंतराने, एकाच वेळी द्या. शक्य असेल तर गोठ्याच्या राखणदाराला गोठ्यातच द्या, म्हणजे त्याचे बस्तान तिथे बसते. मोठ्याला आधी द्यावे की लहानाला, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. वेळ आणि जागा ठरलेली असली की ओढाताण कमी होते. दबलेल्याला न्याय मिळावा म्हणून वरचढाला मारून हटवू नका. तुमची पाठ फिरली की तो हिशेब चुकता करतो. मेलेल्या मेंढीचे आतडे-काळीज कच्चे घालू नका. त्यातून कुत्र्याला फीतकृमी होतात आणि त्याच्या विष्ठेतून घरच्या माणसांच्या यकृतात गाठी होऊ शकतात. जंताचे औषध पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या.

भांडण लागले तर मध्ये हात घालू नका. बादलीभर पाणी, पोते किंवा मध्ये फळी, एवढेच. दोन नर सारखे भिडत असतील तर निर्बीजीकरणाचा विचार करा. त्याने कुत्रा राखण सोडतो अशी भीती असते, पण भटकणे आणि माद्यांवरून होणारी भांडणे कमी होतात, आणि जागेवर भुंकण्याचा स्वभाव बहुधा तसाच राहतो. दिवसभर साखळीला असणारा कुत्रा मात्र राखणीतून उतरतो. तो पानालाही भुंकतो, आणि सतत भुंकणाऱ्याकडे रात्री कोणी उठून बघत नाही.

म्हातारा कुत्रा खाली उतरतो तेव्हा

नऊ-दहा वर्षांचा म्होरक्या कानाने आणि दातांनी कमी होतो. तेव्हा धाकटा त्याची जागा घेऊ पाहतो. या दोन-तीन महिन्यांत वस्तीची राखण सर्वांत ढिली असते, कारण दोघांचेही लक्ष एकमेकांवर असते. जखमाही याच काळात होतात. म्हाताऱ्याला घराच्या बाजूला, मऊ आणि कोरड्या जागी हलवा, त्याचे खाणे वेगळे करा आणि धाकट्याला गोठ्याचा भाग मोकळा द्या. नवे पिल्लू याच वेळी आणू नका. आणायचे तर म्हातारा चालता-फिरता असताना, वर्षभर आधी आणा, म्हणजे तो गोठ्याभोवती फिरेल तेव्हा पिल्लू मागे राहील आणि कोणत्या बांधावर थांबायचे, कोणत्या आवाजाला उठायचे, हे बघून ठेवील.